एकच पारडं

हवालदार गांवस पायरीवरूनच म्हणतो,
शेट, काटा द्या जरा, ठाण्यातला बिघडलाय.
ठाण्यातला काटा चार वर्षं बिघडलेलाच आहे.
मी सोन्याचा कीस पुसतो, काटा उचलतो,
शिवोलीच्या तिठ्यावर जीपमागे उभा राहतो.
काट्यासोबत मीही लागतो त्यांना, पंच म्हणून.

बॉनेटवर वर्तमानपत्र, त्यावर काटा,
काट्यावर काळपट काहीतरी, चिंचेच्या गोळ्याएवढं.
पिशवीसकट धरू की पिशवी सोडून?
गांवस विचारतो. कुणालाच ठाऊक नाही.
अकरा ग्रॅम तीस.
मी मनात म्हणतो, तोळ्याला तीन गुंजा कमी.

मान वर केली तर प्रज्योत.
बाराव्या दिवशी ह्याचे कान मीच टोचले होते,
सुलोचनाच्या मांडीवर, हळद लावून.
तेव्हाही असाच बघत होता माझ्याकडे.
मी सही करतो,
समक्ष, स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय.

तिठ्यापलीकडे कोंसेसांवचं तवेर्न.
चौकटीत परवाना, शेजारी सायबिणीची तसबीर, खाली दिवा.
आईच्या पाटल्या बाबांनी तिथेच प्याल्या,
पाव-पाव तोळा करत.
पंचनामा झाला नाही.
मयताला कोंसेसांवने खुर्च्या पाठवल्या, फुकट.

प्रज्योतला बोटीवर जायचं होतं,
भांडी घासायला का होईना.
त्याला पोलिसांचा दाखला लागतो.
खटला म्हापशाला, सहावं वर्ष.
कोलवाळच्या तुरुंगात सतरा दिवस होता,
जे ठाऊक नव्हतं तेही शिकून आला.
आता भाड्याच्या स्कूटर पुसतो
आणि माझ्या दुकानासमोरून जाताना
आरशात बघितल्यासारखं करतो.

आणि मग लुईझा येते, ब्रायसची साखळी मोडायला.
ब्रायस हणजूणच्या वाळूत गेला,
एका गोळीने, एकोणिसाव्या वर्षी.
ती म्हणते, मोकळं करा म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठव.
त्याच श्वासात म्हणते, मित्र पळाले रे,
ॲम्ब्युलन्सला फोन नाही केला, पोलीस येतील म्हणून.
दोन्ही वाक्यं ती काउंटरवर ठेवते, साखळीच्या बाजूला.
मी कुठलं आधी तोलू?
उद्या ये म्हणतो. दोन वर्षं हेच म्हणतोय.

नव्या काट्याला एकच पारडं.
ठेवा, आकडा येतो.
समोर काय ठेवायचं होतं, ते तो विचारत नाही.

कान सोनाराने टोचावे म्हणतात.
म्हणायला ठीक.
टोचताना सुई तापवावी लागते,
पोराचं डोकं कुणीतरी छातीशी घट्ट धरावं लागतं,
आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन
खोबरेल लावावं लागतं, रडलं तरी.
बेडी काय, कुणीही घालतं.
मीही कुठे गेलो दुसऱ्या दिवशी?

आजोबांचा तराजू फडताळात आहे,
दोन पारडी, रेशमी दोरे,
डबीत गुंजा, लाल अंगाच्या, काळ्या तोंडाच्या.
गुंज विषारी.
हातावर ठेवताना आजोबा सांगायचे,
तोंडात घालू नकोस. मोज.
एवढंच.
डबीला कुलूप नव्हतं. आजोबा मात्र शेजारी असायचे.

शुक्रवारी गांवस परत आला. शेट, काटा.
मी तराजू पुढे केला, डबीसकट.
हसला. हा कोर्टात चालत नाही, म्हणाला.
मग टोपी काढून पायरीवर बसला,
एक गुंज चिमटीत धरून बघत राहिला,
जीपचा हॉर्न दोनदा वाजला तरी.